लोखंडाला पाणी पाजणे



१ शमुवेल १३:१९-२० मध्ये सांगितले आहे की इस्राएल देशात लोहारच उरला नव्हता. फाळ किंवा कुऱ्हाड पाजवायला पलिष्ट्यांकडे जावे लागे. सातारा-सांगलीतल्या घिसाडी वस्त्यांवर हा भाग मला समजावून सांगावा लागत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर आले. तरी कोयता, विळा, खुरपे अजून या भटक्या लोहारांच्या ऐरणीवर घडते. नवरा सांडशी धरतो, बायको घण मारते.

आमच्या शिकवणीतला मुख्य धडा हत्याराला पाणी पाजण्याचा आहे.

१. लोखंड ओळखणे : साध्या सळईत कार्बन फार कमी, ती पाण्याने कडक होत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो सुमारे अर्धा टक्का असतो, म्हणून पाटा घ्यावा.

२. तापवणे : सावलीत तापवावे, उन्हात रंग फसवतो. लाल झालेल्या पात्याला लोहचुंबक धरेनासा झाला (सुमारे ७७० अंश सेल्सिअस), की आणखी थोडाच ताव द्यावा. पिवळे-पांढरे होऊ दिले तर पोलाद ठिसूळ होते.

३. बुडवणे : पाते धारेकडून सरळ खाली घालून हलवत राहावे. स्थिर धरले तर भोवती वाफेचा थर बसतो व कडकपणा सारखा येत नाही. मिठाच्या पाण्यात हा थर लवकर फुटतो. पात्याची धार पातळ असेल तर तेल बरे. पाणी उष्णता इतक्या वेगाने ओढते की तडा जातो.

४. ताव उतरवणे : आता पाते काचेसारखे ठिसूळ असते. ते घासून चकचकीत करावे व मंद आचेवर धरावे. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा असे रंग चढतात. कोयता-कुऱ्हाडीला धक्का सोसायचा असतो, म्हणून जांभळ्या-निळ्यावर, २८० ते ३०० अंशांच्या सुमारास, थांबावे.

चौथी पायरी गाळली तर उसाच्या फडात कोयत्याची कपची उडून डोळा जाऊ शकतो. दुसरी चुकली तर मऊ कोयता सारखी कानस मागतो आणि तोडणाऱ्याची मजुरी बुडते. विश्वासातही असेच आहे : एकदा विस्तवातून निघालेल्याला पुन्हा मंद आचेवर धरणारा प्रभूच जाणतो, कुठे थांबायचे.

तयार हत्यारे वाटणे सोपे आहे. पण ती बोथट झाली की पुन्हा पलिष्ट्यांचीच वाट. म्हणून यंदा आपल्या दानातून भाते, कानशी आणि डोळ्यांचे संरक्षक चष्मे द्यावेत, अशी विनंती आहे. शिकणाऱ्या मुलामुलींसाठी प्रार्थना करा.