दुकानातून वाय-फाय विकायचंय? आधी हे गणित करा

व्हिडिओत पीएम-वाणीबद्दल घाईघाईत बोलून गेलो, म्हणून इथे जरा निवांत लिहितोय.

पूर्वी किराणा दुकानाच्या कोपऱ्यात पिवळा पीसीओ असायचा, आठवतंय? घरी फोन नसलेला माणूस तिथे यायचा, बोलून झालं की साबण-बिस्किट घेऊन जायचा. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना इंटरनेटसाठी साधारण तेच करते. दुकानदार होतो पीडीओ, म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस. त्यासाठी दूरसंचार विभागाचं लायसन्स नको, नोंदणी नको, फी नको. ब्रॉडबँड घ्यायचं, योजनेत चालणारा राउटर बसवायचा आणि पीडीओए कंपनीशी करार करायचा. ग्राहकाची ओळख पटवणं आणि हिशेब ती कंपनी बघते.

आता पैशाचं. या दुकानदारांना ब्रॉडबँड महाग पडायचं, हीच मोठी अडचण होती. जून 2025 मध्ये ट्रायने मर्यादा घातली : 200 एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती प्लॅनचा जो दर, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त पीडीओकडून घ्यायचा नाही.

समजा घरगुती प्लॅन 500 रुपयांचा आहे. तुम्हाला जास्तीत जास्त 1,000 पडेल, 18 टक्के जीएसटी धरून 1,180. पाच रुपयांची दहा कूपनं रोज विकली तर महिन्याला 1,500. समजा कंपनीने त्यातले 20 टक्के घेतले, तर हातात 1,200. उरले वीस रुपये! लाइटबिल आणि राउटरचा खर्च अजून धरलाच नाही.

म्हणून नुसत्या वाय-फायवर दुकान चालेल असं मी सांगणार नाही. तरुणांच्या फोनमध्ये रोजचा डेटा असतोच. तुमच्याकडे येईल तो रेंज नसलेल्या गल्लीतला, नाहीतर फक्त बोलण्यापुरतं रिचार्ज मारणारा माणूस. त्याला रील बघायचे नसतात. उत्पन्नाचा दाखला काढायचाय, ‘आपले सरकार’वर गटाराची तक्रार टाकायचीय, ऑनलाइन माहिती अधिकारात अर्ज करायचाय. ही कामं तो स्वतःच्या लॉगिनने करू शकतो. तुम्ही शेजारी बसायची खुर्ची द्या, कागद स्कॅन करून द्या, प्रिंट काढून द्या. खरी कमाई या प्रिंट-स्कॅनमध्ये आहे. (‘सेवा केंद्र’ असा बोर्ड मात्र लावू नका, त्याची मान्यता वेगळी असते.)

आणि एक चूक अजिबात करू नका. घाईत बरेच दुकानदार फॉर्ममध्ये स्वतःचा मोबाइल नंबर टाकतात, कारण आजींना ओटीपी सापडत नाही. काम पटकन होतं, पण पुढचे सगळे मेसेज दुकानदाराकडे येतात. आजींची तक्रार ‘निकाली’ निघते आणि आजींना पत्ताच नसतो. दाखला मुदतीत मिळाला नाही, तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अपील करता येतं. पण अर्ज कुठे अडकलाय हेच कळलं नाही, तर त्या अपील कधी करणार?

तेव्हा दहा मिनिटं जास्त लागू द्या. नंबर आजींचाच टाका, पासवर्ड त्यांनाच ठरवू द्या. अर्ज क्रमांक मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या. या मदतीचे पैसे घेणार असाल तर दर भिंतीवर लावा.

करार करण्याआधी कंपनीला दोनच प्रश्न विचारा : माझा वाटा किती, आणि तो खात्यात कधी जमा होणार? उत्तर लेखी घ्या.