‘गंमत केली’ म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

अगं, तू पाठवलेले स्क्रीनशॉट नीट वाचले. तुमच्या स्पर्धा परीक्षेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलीनं एवढंच विचारलं होतं, की व्हॉइस नोटमधले मुद्दे कुणी लिहून टाकेल का, मला ऐकू येत नाही. त्यावर एकानं लिहिलं, ‘बहिरीसाठी आता सबटायटल लावा.’ दुसरा म्हणाला, ‘हिला कशाला टेन्शन, कोटा आहे की!’ आणि खाली हसण्याच्या इमोजींची रांग. आता तू विचारतेस, ‘ताई, हा उद्धटपणा आहे हे कळतंय, पण याला भेदभाव म्हणायचं का? निम्मा ग्रुप म्हणतोय, शब्दच तर आहेत.’

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. हो, म्हणायचं. पण का, ते समजून घे. ॲडमिन म्हणून तुला बोलावं लागेल, आणि तिथे नुसतं ‘मला वाईट वाटलं’ म्हणून भागणार नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ तुमच्या अभ्यासात असेलच. त्यातली भेदभावाची व्याख्या पुन्हा एकदा काढून वाच. दिव्यांगत्वावरून फरक करणं, वगळणं, अडवणं, आणि त्यामुळे माणसाला इतरांच्या बरोबरीनं हक्क न मिळणं. हे ठरवताना कायदा हेतू किंवा परिणाम, दोन्हींपैकी काहीही पुरेसं मानतो. वाजवी सोय नाकारणं हाही त्याच व्याख्येत भेदभाव आहे. कोर्टात काय टिकेल हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेव आणि तुमच्या ग्रुपवर काय घडलं ते या व्याख्येशी ताडून बघ. तिनं सोय मागितली, ती मिळाली नाही, वर हसं झालं. आता ती पुन्हा मागेल? नाही मागणार. तुमचे अर्धे खुलासे व्हॉइस नोटमध्ये असतात, ते तिच्यापर्यंत पोचणार नाहीत. तिला कुणी ग्रुपमधून काढलं नाही, तरी तिचा अभ्यास तुमच्यापेक्षा कमी झाला. ‘आमचा तसा हेतू नव्हता’ हे खरंही असेल गं, पण तिचं नुकसान त्यानं भरून निघत नाही.

कोट्याचा टोमणा तर मला जास्त लागला. याच कायद्याच्या कलम ३४ नं सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत, आणि त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित व्हावं लागतं. पेपर तिलाही तोच सोडवायचा असतो. उद्या अधिकारी होऊन याच कायद्याची अंमलबजावणी करायची स्वप्नं बघणारी मुलं तिला असं बोलतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मुलं आपापसात भांडताना ‘मतिमंद आहेस का?’ म्हणतात, समोरचा दिव्यांग नसतो, मग तोही भेदभाव का? इथे त्यांचं म्हणणं ऐकून घे. दोन्ही गोष्टी एका वजनाच्या नाहीत, कारण इथे कुणाचा हक्क थेट अडलेला नाही. पण ग्रुपवर कोण वाचतंय हे तुला कुठे ठाऊक आहे? कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. मानसिक आजार, थॅलेसेमिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, यातलं बरंचसं प्रोफाइल फोटोत दिसत नाही. कुणाचा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग असेल. आपल्या माणसाचं दिव्यांगत्व रोज शिवी म्हणून वापरलेलं वाचणारा हळूहळू बोलायचा थांबतो. म्हणून तेही थांबवायचं, फक्त समजावून, शिक्षा न करता.

‘मग विनोदच करायचा नाही का?’ असं कुणीतरी विचारेलच. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल दिला, तो त्यांना सांग. विषय होता ‘आंख मिचोली’ चित्रपटाचा. न्यायालयानं चित्रपटावर बंदी घातली नाही, पण दोन तऱ्हेचे विनोद वेगळे केले. दिव्यांगत्व समजून घ्यायला मदत करणारा एक, आणि दिव्यांग माणसाला कमी लेखणारा दुसरा. तुमची ती मुलगी स्वतःच्या श्रवणयंत्रावरून हसवेल तेव्हा सगळ्यांनी खुशाल हसावं. तिच्या अडचणीवर बाकीच्यांनी हसणं वेगळं.

कायद्यात शिक्षाही आहे, हे माहीत असू दे. कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला लोकांसमोर मुद्दाम, अवमान करण्याच्या हेतूनं अपमानित केलं, तर किमान सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. पण ही धमकी पहिल्याच मेसेजमध्ये देऊ नकोस. धाकानं मुलं गप्प बसतील, शिकणार नाहीत. ते कलम सांगून-सवरूनही पुन्हा पुन्हा एखाद्याच्या मागे लागणाऱ्यासाठी राहू दे. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट मात्र जपून ठेव.

आणि एक गोष्ट अजिबात विसरू नकोस. तिच्या वतीनं लढायला निघण्याआधी तिला विचार. कुणाला जाहीर माफी हवी असते, कुणाला ती चर्चाच पुन्हा नको असते. तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा. तिनं करायची ठरवली तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तू सोबत जा.

तेव्हा क्रम असा ठेव. आधी त्या व्हॉइस नोटमधले मुद्दे तू स्वतः टाइप करून ग्रुपवर टाक. मग तिला मेसेज कर. ते दोन मेसेज ॲडमिन म्हणून तुला सगळ्यांसाठी डिलीट करता येतात, पण तेही तिला विचारूनच. त्या दोघा मुलांशी ग्रुपबाहेर बोल, काय चुकलं ते नाव घेऊन सांग. शेवटी ग्रुपच्या माहितीत नियम लिही: प्रत्येक व्हॉइस नोटसोबत लेखी मुद्दे, आणि कुणाच्या दिव्यांगत्वावरून टोमणा नाही. चार जण ग्रुप सोडून गेले तर जाऊ देत. त्या मुलीला बरोबरीनं अभ्यास करता आला, तर तू ॲडमिन म्हणून तुझं काम केलंस.