फर्स्ट प्रेफरन्स

आत्या कागद घेऊन भाच्याकडे आली. कागदावर अकरावीच्या प्रवेशासाठी कॉलेजांची कच्ची यादी होती.

"हे फर्स्ट प्रेफरन्स म्हणजे काय रे बाबा?"

"पहिली पसंती, आत्या."

"पसंत तर सगळीच आहेत की!"

आत्याचे म्हणणे खोटे नाही. लुगडे पसंत पडले, सोयरीक पसंत पडली, असे आपण म्हणतो. तेथे होय किंवा नाही, एवढेच असते. प्रेफरन्स या शब्दात तुलना आहे. भाकरी आवडते, पोळीही आवडते. दोन्ही ताटात आल्या, तर हात आधी कशाकडे जातो? ती फर्स्ट प्रेफरन्स. मग दुसरी, मग तिसरी. म्हणून नावांपुढे आकडे घालतात.

राष्ट्रपतींची निवडणूकही अशीच होते. खासदार आणि आमदार मत देतात. ते नावापुढे १ लिहितात. वाटल्यास पुढे २, ३ लिहितात. १९६९ साली मोठी चुरस झाली. मतांचे मूल्य धरून पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. निम्म्याहून अधिक कोणालाच नाहीत! मग खालच्या उमेदवारांना गाळत गेले. त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती पाहिली. देशमुखांच्या मतांतली बरीच रेड्डींकडे गेली. तरी शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. गिरी राष्ट्रपती झाले.

"म्हणजे दुसरा आकडाबी फुकट जात नाही?"

"नाही जात. पण पहिला फार जपून घालायचा. २०२५ च्या अकरावी प्रवेशात दहापर्यंत कॉलेजं लिहिता येत होती. पहिल्या पसंतीचं मिळालं की तिथंच प्रवेश घ्यावा लागे. नाही घेतला, तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्या बंद. यंदाचा नियम फॉर्म भरण्याआधी वाचून घेऊ."

आत्या गप्प झाली. तिने १ हा आकडा तालुक्याच्या कॉलेजापुढे घातला होता. का? तर यादीत ते सगळ्यांत वर होते, आणि एस.टी. दारातून जाते. पोरीला सायन्स हवे. त्या कॉलेजात सायन्स नाही.

"तिला विचारलंस का, आत्या?"

"तिला काय विचारायचं, म्हटलं."

भाच्याने खोडरबर पुढे सरकवले. आत्याने १ पुसला आणि दारातूनच पोरीला हाक मारली.