जुन्या संगणकावरची ऊसनोंद : ठेवावी की हलवावी?



आपल्या उसाची लागण तारीख, जात, गट नंबर आणि क्षेत्र आमच्या कार्यालयातील ज्या संगणकावर आहे, तो विंडोज ७ या प्रणालीवर चालतो. नोंदीचा कार्यक्रम त्याहून जुना, डॉसमधल्या फॉक्सप्रोचा. "चालतंय ना, मग कशाला हात लावता?" असे पुष्कळ सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे.

टोळीचे काम जसे मुकादमामार्फत चालते, तसे संगणकाचे काम प्रणालीमार्फत चालते. विंडोज ७ च्या सर्वसाधारण दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीचाही आधार जानेवारी २०१५ मध्येच संपला. आजच्या ६४ बिटी विंडोजवर डॉसचे कार्यक्रम थेट चालत नाहीत.

मग यंत्र उद्याच बंद पडेल का? नाही. तिसरा खोडवाही फुटतोच; पण नांग्या वाढतात आणि कीड-रोग आला तर तग धरत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या संगणकी किडीने सुमारे दीडशे देशांत फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. तिच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. आपल्या यंत्राला तर आता दुरुस्ती येतच नाही.

गेल्या हंगामात आमच्या संगणकाची जुनी डिस्क बिघडली. ताजी प्रत काढलेली नव्हती, ही चूक आमचीच. कागदावरून नोंदी पुन्हा चढवताना गोदाकाठच्या एका सभासदाची जुलैची आडसाली लागण जानेवारीची सुरू म्हणून चढली. तोडीचा क्रम मागे गेला, उसाला तुरा आला, वजन घटले. आम्ही त्यांची माफी मागितली. पण माफीने टनेज भरून येत नाही.

तरीही घाईने बदल करणे तितकेच धोक्याचे. जुन्या कार्यक्रमात मराठी नावे त्या काळच्या फाँटच्या सांकेतिक अक्षरांत साठवली आहेत. ती युनिकोडमध्ये नीट उतरवली नाहीत तर नावाच्या जागी नुसती चिन्हे दिसतील. शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास १५ टक्के व्याज. ऐन गाळपात बिले अडवून चालणार नाही.

को ७४० जाऊन को ८६०३२ आली, ती काही एका रात्रीत नव्हे. आधी बेणेमळा, मग शेत. तोच क्रम येथे धरावा, असे आमचे मत आहे :

१) गाळप चालू असेपर्यंत जुनाच संगणक ठेवावा, मात्र तो इंटरनेटपासून तोडावा. रोज संध्याकाळी प्रत काढावी आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

२) फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली इतर कार्यक्रमांनाही वाचता येतात. म्हणजे माहिती अडकलेली नाही. गाळप संपताच ती नव्या डेटाबेसमध्ये उतरवावी. पोस्टग्रेएसक्यूएलसारखा मोफत डेटाबेस विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतो. पुढे एखादी प्रणाली मागे पडली तरी नोंद तिच्याबरोबर बुडत नाही.

३) पुढचा एक हंगाम दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी चालवून गटवार ताळा घ्यावा. ताळा जमला तरच जुने यंत्र बंद करावे.

४) सभासदांनी आपल्या नोंदीचा उतारा शेतकी गट कार्यालयातून घ्यावा. नाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख आणि बँक खाते तपासावे. चूक असल्यास सातबारा व पासबुक घेऊन यावे. लागणीची कागदी पावती मात्र फेकू नये. गेल्या हंगामात आम्हाला सावरले ते त्याच कागदांनी.

यंत्र जुने झाले तर बदलता येते. हुकलेली तोड परत आणता येत नाही. म्हणून उतारा तपासायला वेळ काढा.

— ऊस विकास अधिकारी