आधी ओएस, मग ॲप?

प्रश्न : ईएसपी३२ बोर्डावर ठिबक सिंचनाचा कंट्रोलर बनवतेय. आधी फ्रीआरटीओएस टाकून त्यावर माझा प्रोग्राम इन्स्टॉल कसा करू?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : फोनसारखं आधी ओएस, मग ॲप असं इथे नसतं. तुमचा सी कोड आणि फ्रीआरटीओएस एकत्र कंपाइल आणि लिंक होऊन एकच फर्मवेअर बनतं. तेच यूएसबीने फ्लॅश करायचं. ईएसपी-आयडीएफ या ईएसपी३२च्या डेव्हलपमेंट फ्रेमवर्कमध्ये फ्रीआरटीओएस आधीच असतं, वेगळं उतरवायला नको. प्रोग्राममध्ये सेन्सर वाचायला एक टास्क ठेवा, व्हॉल्व्ह चालवायला दुसरं, आणि माहिती पाठवायला दोन्हींमध्ये क्यू. थांबायचं तर रिकामं लूप फिरवू नका, ‘व्हीटास्कडिले’ वापरा. प्रत्येक टास्कला स्टॅक मात्र जपून द्या: मूळ फ्रीआरटीओएसमध्ये तो वर्डमध्ये मोजतात, ईएसपी-आयडीएफमध्ये बाइटमध्ये. इथे भलेभले फसतात. ४०९६ बाइटने सुरुवात करा आणि व्हॉल्व्ह जोडण्याआधी एलईडीवर चाचणी घ्या.