पोटाचं वेगळं, हौसेचं वेगळं

सासू-सासरे पुण्याहून आलेत आणि त्यांना नि पोरांना घेऊन तू ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला निघालीस, छान केलंस. राइड्सचं तुला पोरंच शिकवतील. मी सांगते ते खाण्याचं. फ्लोरिडात राहायचं म्हणजे आल्यागेल्या पाहुण्यांना तिथे न्यावंच लागतं, आणि तिथे माणसं उन्हानं चिडत नाहीत तेवढी जेवणाच्या बिलानं चिडतात, हे मी बघत आले आहे.

पहिला मंत्र हाच, की पोटाचं जेवण आणि हौसेचं जेवण ही दोन खाती घरूनच वेगळी करून निघ. पार्कातल्या ताटाच्या किमतीत ताटापेक्षा जागाच जास्त असते. राजवाड्यात बसण्याचे, मिकी टेबलापाशी येऊन फोटो काढून जाण्याचे ते पैसे असतात. हौसेनं बसलीस तर ते खुपत नाहीत. भुकेनं कासावीस होऊन दिसेल त्या काउंटरला उभी राहिलीस, तर प्रत्येक घास डॉलरमध्ये मोजला जातो. दिवसाला एक हौस पुरे. बाकीच्या वेळा पोटाची सोय बघायची.

पोटाची सोय म्हणजे डबा. आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत दारातच पिशव्या तपासून खाणं काढून घेतात, म्हणून विहीणबाई आधी विश्वासच ठेवणार नाहीत. पण डिस्नेत घरचं खाणं नेता येतं. काचेच्या बाटल्या-बरण्या चालत नाहीत, दारू चालत नाही. शीतपेटी २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच, याहून मोठी नको. सुटा बर्फ घालू नकोस, गोठवलेले जेलपॅक ठेव. डबा गरम करून मिळेल या भरवशावर मात्र काही नेऊ नकोस. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी, भडंग, लाडू असं काहीतरी ने. दहीभाताचं नावही काढू नकोस. जूनच्या उन्हात तो दुपारपर्यंत टिकत नाही. सासऱ्यांची साखरेची गोळी असेल तर त्यांचा वेगळा पुडा तुझ्या हाताशी ठेव. रांगेत अडकल्यावर वेळ पाळता येत नाही.

पाणी विकत घेऊ नकोस. ज्या काउंटरवर मशीनचं कोल्ड्रिंक मिळतं, तिथे बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागितला की फुकट मिळतो. दुसरं काही विकत घ्यायची अट नाही. फ्लोरिडाच्या पाण्याला एक वास असतो, तो सगळ्यांना झेपत नाही. पर्समध्ये कोकम किंवा लिंबू सरबताच्या पुड्या टाक, म्हणजे सासूबाई पाणी पीत नाहीत ही तक्रार उरणार नाही.

आता ऐकीव माहितीबद्दल. कोणी चुलतजाऊ म्हणेल, "अगं, बी अवर गेस्टमध्ये दुपारी जा, स्वस्तात राजवाडा बघून होतो." ती गेली तेव्हा ते खरंही असेल. मॅजिक किंगडम पार्कातलं ते रेस्टॉरंट २०१२ च्या शेवटी उघडलं, तेव्हा दुपारी पटकन ऑर्डर देऊन बीस्टच्या महालात बसून जेवता यायचं. २०२० पासून दुपारीही ठरावीक रकमेचं तीन टप्प्यांचं जेवण झालं. तिथल्याच पेकोस बिल या काउंटरवरही टोमॅटो, सॅलडची पानं, साल्सा हवं तेवढं वाढून घ्यायचं टेबल होतं. आपल्यासारखे शाकाहारी त्यावरच पोट भरायचे. कोविडमध्ये ते बंद झालं. जागा तीच, पाटी तीच, पण ताट बदलतं. म्हणून आठवणीतला मेन्यू धरून जाऊ नकोस. निघायच्या आदल्या रात्री डिस्नेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा मेन्यू आणि भाव दोन्ही बघ.

जेवणाच्या पॅकेजची, म्हणजे डायनिंग प्लॅनची, भुरळ पडू देऊ नकोस. २००५ मध्ये तो आला तेव्हा स्टार्टर आणि टिपही त्यातच असायची. २००८ मध्ये दोन्ही वगळली. कोविडात बंद पडलेला प्लॅन ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाला. तो डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांसाठी आहे, आणि घेतला तर तीन वर्षांखालचं मूल सोडून खोलीतल्या सगळ्यांसाठी घ्यावा लागतो. मोठ्यांच्या रकमेत जेवणासोबतच्या मद्याचाही हिशेब असतो. तुझे सासरे ताक पिणारे आणि सासूबाई चतकोर खाणाऱ्या. त्यांच्या जिवावर तो प्लॅन कसा वसूल होणार?

बिलाचं गणित आधी समजून घे. मेन्यूवर ५० डॉलर दिसले की ५० च देऊन सुटका नाही. साडेसहा टक्के कर आणि बसून जेवलीस तर १८ टक्के टिप, म्हणजे ६२ डॉलर पार. तुम्ही सहा किंवा जास्त जण असाल तर १८ टक्के टिप ते आधीच लावतात. बिल नीट वाच, नाहीतर टिप दोनदा जाते. मुलांचा दरही बघ. तीन ते नऊ वर्षांपर्यंत लहान धरतात. थोरल्याला दहा पूर्ण झाली असतील तर बुफेत त्याचे पूर्ण पैसे. तीन वर्षांखालचं बाळ बुफेत फुकट जेवतं.

शाकाहारी पदार्थ शोधताना हिरवा ठिपका शोधू नकोस, अमेरिकेत तो नसतो. डिस्नेच्या मेन्यूत पानाची खूण असते, ती २०१९ पासून आहे. तिचा अर्थ मांस, अंडं, दूध, मध यांतलं काहीच नाही. ती नसली म्हणजे पदार्थ आपल्याला वर्ज्यच असं नाही, पण विचारून घ्यायचं. भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का, बीन्समध्ये चरबी आहे का, तळण वेगळं आहे का, हे तीन प्रश्न पाठ कर. संकोच करू नकोस, तिथे शेफ बाहेर येऊन सांगतात.

काउंटरवरचं मागवायचं असेल तर फोनवरून सकाळीच मागवून ठेव. दुपारची वेळ निवडता येते, नको ते घटक काढता येतात आणि उन्हातली रांग वाचते. जेवायला अकराला जा किंवा अडीचनंतर. बाराच्या गर्दीत ताट हातात घेऊन टेबल शोधत फिरण्याइतकं भांडण लावणारं दुसरं काही नाही. मॅजिक किंगडममधून जेवायला बाहेर जायचा बेत करू नकोस. गाडीतळ तळ्यापलीकडे आहे, बोटीनं किंवा मोनोरेलनं जायचं. येण्याजाण्यातच दुपार संपते.

आणि हौस कुठे करायची, तेही सांगते. एपकॉट पार्कात अकरा देशांचे विभाग आहेत, उत्सवाच्या दिवसांत ठिकठिकाणी छोट्या बशा मिळतात. त्या चाखायच्या, पोट भरायला नव्हेत. दोन घासांसाठी ताटाचे पैसे म्हणून रडत बसायचं नसेल तर आधी पुऱ्या खाऊन जा. उपासाच्या दिवशी अननसाचं डोल व्हिप चालतं का, हा निर्णय सासूबाईंवर सोपव.

पण एकच हौस करायची असेल, तर डिस्नेच्या ॲनिमल किंगडम लॉज हॉटेलातल्या 'सना' रेस्टॉरंटात ने. पार्काचं तिकीट लागत नाही. साठ दिवस आधी टेबल राखता येतं. नान, कुलचा, पनीर पराठा अशा पाच रोट्या आणि नऊ तोंडीलावणी येतात. चिंचेची चटणी, रायतं, लसणाचं लोणचं, आंब्याची चटणी, सगळं छोट्या वाट्यांतून. चार जणांनी वाटून खाल्लं तरी चालतं. खिडकीबाहेर जिराफ नि झेब्रे चरत असतात. दिवस मावळायच्या आतली वेळ घे, अंधारात खिडकीत फक्त आपलीच तोंडं दिसतात.

शेवटचं. कुठेही गेलात तरी मेन्यू सासऱ्यांच्या हातात देऊ नकोस, ते प्रत्येक ओळीला रुपयात गुणाकार करतील आणि मग फक्त पाणी मागवतील. काय हवं ते आधी तोंडी विचारून घे, आणि पैसे द्यायला जावईबापूंना एकट्याला पाठव. किंमत विचारली तर सांगायचं, "मावशीनं सांगितलंय, घरी गेल्यावर."