आर्म ॲक्टच्या कागदांतून

1. आर्म ॲक्टचा आरोपी म्हटला की लोकांना गुंड दिसतो. वाशीमच्या कोर्टात माझ्याकडे येतात ती बहुतेक नुकती मिसरूड फुटलेली पोरं. वाढदिवसाला चौकात तलवारीनं केक कापला, कोणी रील टाकली, दुसऱ्या दिवशी ठाणेदारांचा निरोप. कलम 4 आणि 25. बाप विचारतो, "मॅडम, कोणाला मारलं तर नाही ना यानं?" मारलं नसलं तरी विनापरवाना बाळगल्याबद्दल किमान 1 वर्ष, कमाल 3 वर्षं कैद आहे, हे त्या बापाला सांगताना आजही माझी जीभ जड होते.

2. हा कायदा शेतकऱ्याचं घर ओळखतो, याचं मला अप्रूप वाटतं. पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असलं की ते शस्त्र; पण शेतीसाठी, घरकामासाठी घडवलेली अवजारं वगळलेली आहेत. म्हणून पंचनाम्यात नुसतं 'धारदार हत्यार' लिहिलेलं दिसलं की मी मोजमाप शोधते. कलम 4 त्या भागाला लागू करणारी अधिसूचना जोडली आहे का, तेही बघते. मनाई हुकूम असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली लाठीसुद्धा महागात पडते.

3. सर्वांत जास्त जीव तुटतो तो वडिलांच्या बंदुकीपायी. आमच्याकडे रोही आणि रानडुकरं एका रात्रीत शेत आडवं करतात. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय कलम 13 मध्येच आहे. (जनावर मारायला वनखात्याची परवानगी लागते ती निराळी.) वडील गेले, तेरवी झाली, बंदूक माळ्यावर तशीच राहिली. परवाना वडिलांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर गेला. मुलगा तिला आठवण म्हणून जपतो आणि कलम 3 मध्ये अडकतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर तिथं किमान 2 वर्षं, कमाल 5. वेळ न दवडता ती जवळच्या ठाण्यात जमा करून पावती घेतली असती, मग वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला असता, तर एवढं रामायण झालंच नसतं.

4. बाळगणं म्हणजे काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी चालतो. गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1972 मध्येच सांगितलं की वस्तूची जाणीव हवी आणि तिच्यावर ताबा हवा. तिघांच्या भाड्याच्या खोलीत गादीखाली कट्टा सापडला, तर तिघांनाही ते ठाऊक होतं हे सरकार पक्षानं सिद्ध करायचं. पण मित्राकडे ठेवायला दिलेला कट्टा आपल्या सांगण्यावरून हलत असेल, तर तो आपल्याच ताब्यात.

5. केस कोर्टात उभी राहण्याआधीच बरीचशी ठरून गेलेली असते, जप्तीच्या रात्रीच. त्या कागदावर मी तासन्‌तास बसते. पंच कुठले, आले किती वाजता? पुडक्यावर लाखेची मोहोर कुणाची? मुद्देमाल नोंदवहीतली तारीख आणि प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख यांत अंतर पडलं असेल, तर तोवर पुडकं कुणाकडे होतं? 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं. ते मी मागून घेतेच. कट्ट्याची केस असेल तर तो चालू स्थितीत असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल बघायचा, आणि कलम 39 खालची जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरीही. मंजुरीच्या आदेशात कागद वाचल्याची खूण दिसत नसेल, तर मी तिथंच बोट ठेवते. तलवारीला ही मंजुरी लागत नाही.

6. घरचे लोक वकिलाकडे फार उशिरा येतात, बहुतेकदा पैशांच्या धास्तीनं. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. 1987 च्या कायद्याचं कलम 12 तसं सांगतं. पहिल्या रिमांडलाच तो मागा. पंचनाम्याची प्रत मागायला आणि झडती कशी झाली हे पोराच्या तोंडून ऐकायला तीच वेळ बरी असते.